उन्हात घातलेली वाकळ

माय, तू माझ्यासाठी शिवलेली वाकळ माझ्याकडे पोहोचली. तू दवाखान्यात गेलीस तेव्हा ती अंगणातल्या तारेवर होती आणि तू परत आली नाहीस. त्यानंतर तुझी लुगडी, तुझं अंथरूण, उशी, सगळं लोकांनी गावाबाहेर नेऊन जाळलं, गिलास आणि ताटली नाल्यात टाकली. टीबीच्या माणसाचं घरात काही ठेवू नये म्हणतात. वाकळही त्यातच गेली असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. मोठ्या मायने, तुझ्या थोरल्या जावेने, ती तारेवरून काढून आपल्या लोखंडी पेटीत तळाला घातली होती, आणि हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. यंदा माझे दोन मित्र मला भेटायला आफ्रिकेत यायला निघाले, तेव्हा ती स्वतः त्यांच्या दारात वाकळ घेऊन गेली.

तू त्या दोघांना ओळखत नाहीस. ते मला तू गेल्यानंतर हायस्कूलमध्ये भेटले. मी नववीनंतर शाळा सोडली, त्यांनी सोडली नाही, पण मैत्री राहिली. एकाचं लोणारच्या बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा बियाणं आणि खत विकतो. मी युगांडा नावाच्या देशात आहे, कंपाला शहरात. एका गुजराती शेठच्या हार्डवेअरच्या गोडाऊनमध्ये माल मोजून घेतो, मोजून देतो आणि लागेल तेव्हा गाडी चालवतो. शेठने आठवडाभराची सुट्टी दिली, वर आपली जुनी जीपही दिली. तिच्या चाकांची हवा मी निघायच्या आदल्या दिवशी तपासली आणि सकाळी पुन्हा तपासली. माझं असंच आहे. बियाणेवाला जीपला टेकून बघत होता. म्हणाला, "बियाण्याच्या कंपनीनं औंदा बँकॉकले नेलं असतं फुकट. ते सोडून ह्याच्याकडं आलो. अन् हा चाकं मोजून राह्यला."

मोबाइलवाला म्हणाला, "मोजू दे. चार भरली म्हणजे निघू."

आम्ही डोंगरातले गोरिले बघायला निघालो होतो. गोरिला म्हणजे माणसाएवढं, माणसाहून दुप्पट जड असं वानर. त्यांची ही डोंगरातली जात फक्त इथल्या दोन-तीन देशांच्या सीमेवर राहते आणि सगळ्या जगात थोडीच उरली आहे. बघायला आधी परवाना काढावा लागतो. तिघांचे परवाने मी कितीतरी महिने आधी काढून ठेवले होते, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत. या देशात मला बरीच वर्षं झाली, पण एकट्याने जाऊन बघावं असं कधी वाटलं नव्हतं. हे दोघं येणार म्हटल्यावर वाटलं. रस्त्यात बियाणेवाला दर तासाला म्हणायचा, "वानेर पाहायले इतक्या दूर आलो. आपल्या तलावाच्या देवळात हातातलं केळ हिसकून नेतात, फुकट."

रस्ता लांब आहे. दोन्ही बाजूंना केळीच केळी, सायकलींवर केळीचे हिरवे घड लटकवून माणसं चढ ढकलत नेतात. गाईंची शिंगं हातभर लांब, वर जाऊन आत वळलेली. टपरीवर तव्यावर चपात्या भाजत होत्या आणि तिथे त्यांना चपातीच म्हणतात हे कळल्यावर मोबाइलवाल्याने चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी एका वळणावर खाली गोल तळं दिसलं, चारही बाजूंनी उतरती झाडी. पुढच्या वळणावर आणखी एक. आम्ही तिघंही लोणारचे, गाडी थांबवणं भागच होतं. बियाणेवाला काठावर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आपलं एकच, अन् त्याचा केवढा बडेजाव. इथं तं जागोजागी लोणार."

मी म्हटलं, "आपला उल्केचा गोळा वरून पडला. हे खालून फुटलेत, ज्वालामुखी."

"म्हणजे आपलंच भारी," तो म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं.

तिथेच मला पहिल्यांदा खोकला आला. कच्च्या रस्त्याची लाल धूळ दिवसभर काचांतून आत येत होती. खोकला सुका होता. पण माय, मला खोकला आला की मी काय करतो हे तुला लिहायलाच हवं, कारण ते तुझ्यामुळेच आहे. मी रुमालात बघतो. रात्री थर्मामीटर लावतो. महिन्या-महिन्याला वजन करतो. कंपालाच्या दवाखान्यात माझ्या छातीचे फोटो काढून झालेत आणि दर वेळी डॉक्टर म्हणतो की स्वच्छ आहे, आता येऊ नकोस.

तुझा खोकला मला आठवतो. त्याच्या आधीचं मला फारसं काही आठवत नाही, मी लहान होतो. मला आठवतं तेव्हापासून तू अंगणापलीकडच्या छपरीत आहेस आणि मी घराच्या दारात. मध्ये अंगण, पाण्याचं टाकं, कपड्यांची तार. बाबा बांधकामावर जालन्याकडे असायचे, शनिवारी यायचे. तुझा कडक नियम होता की मी टाक्याच्या पलीकडे यायचं नाही. मोठी माय भाकरी थापून द्यायची, पण तिचं घर मोठं, तिला रोज जमायचं नाही. मग तू मला स्वयंपाक शिकवलास, छपरीतून, ओरडून. मी चूल दाराशी आणून मांडली होती, तुला दिसावी म्हणून. "जाळ कमी कर," तू सांगतेस. "झाकण काढ. आता हळद." मी वरणात हळद टाकतो. "मीठ टाकलं का?" मी हो म्हणतो. "मंग चाखून पाह्य. मले इथून चव नाई कळत." मी चाखतो आणि तोंड भाजतं. तू हसतेस आणि हसताना तुला खोकला येतो, आणि तू पदर तोंडावर धरून भिंतीकडे वळतेस. मग मी वरण टाक्यावरच्या तुझ्या ताटलीत वरून ओततो, मागे दाराशी जातो, आणि तू उठून घेऊन जातेस. तुझ्याकडून माझ्याकडे येणारी वस्तू मात्र अशी यायची नाही. तू माझ्या शर्टाची गुंडी लावलीस, तरी तो शर्ट दिवसभर टाक्यावर उन्हात पडायचा. उन्हाने रोग मरतो, हे तुला कोणी सांगितलं होतं की तुझं तूच ठरवलं होतंस, मला ठाऊक नाही. ऊन उतरलं की तू म्हणायचीस, "घे आता." तू म्हटल्याशिवाय मी हात लावत नसे. पाटी, पेन्सिल, टोपी, सगळं मी तुझ्या "घे आता" नंतर घेतलं आहे. ते सगळं गरम असायचं.

एकदा मी नियम मोडला. तुला खोकल्याची उबळ आली, थांबेचना, आणि मी पाण्याचा गिलास घेऊन टाकं ओलांडून छपरीत शिरलो. तू तोच गिलास माझ्या हातातून ओढून मला फेकून मारलास. भुवईवर लागला. "मरायचं हाय का तुले? चाल निंघ!" इतक्या जोरात तू पुन्हा कधी बोलली नाहीस. मी दारात येऊन बसलो. दिवसभर तू माझ्याकडे बघितलं नाहीस. दिवेलागणीला पलीकडून आवाज आला, "लय लागलं का रे?"

"नाई."

"लबाड. इथून दिसून राह्यलं."

त्याची खूण अजून आहे. आरशात दाढी करताना रोज दिसते.

वाकळ तू त्याच हिवाळ्यात शिवायला काढलीस. तुझं हिरवं लुगडं, बाबांचा फाटका सदरा, माझ्या बालवाडीच्या चड्डीचं निळं कापड. मी दारातून विचारायचो, "झाली का?" आणि तू म्हणायचीस, "अजून एक ठिगळ." उन्हाळा लागला तेव्हा तू शेवटचा दोरा तोडलास आणि वाकळ तारेवर टाकलीस. एवढी जाड वस्तू, तिला एका दिवसाचं ऊन पुरायचं नाही, असं तू म्हणालीस. रोज संध्याकाळी मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू मान हलवायचीस, अजून नाही. मग एका सकाळी तुला दवाखान्यात नेलं.

हे सगळं मी कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, केवढी तुझी माय. मीही तसंच समजत होतो. परदेशात यायच्या आधी मला तपासणीचे कागद लागत होते, म्हणून मी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे मला आपल्याकडे गोळ्या घेऊन येणारी नर्सबाई भेटली, आता केस पांढरे झालेली. तिने भुवईवरून मला ओळखलं. म्हणाली, "तुही माय लय हट्टी होती बाबा. गोळ्या सुरू होऊन कितीक महिने झाले होते. मी सांगून सांगून थकली, आता तुह्यापासून कोणाले लागत नाई, पोराले जवळ घे. ऐकलंच नाई." मी विचारलं, मग ती गेली कशी? "छाती आधीच पोखरून गेली होती. तिले वाचवणं कठीण होतं. पण लागणार नव्हतं कोणाले." आणि तू तिला काय म्हणायचीस तेही तिने सांगितलं. तू म्हणायचीस, "तुमचं पुस्तक खरं असंन बाई. माही मायबी अशीच खोकत होती, मी तिच्या कुशीत निजत होती, तिलेबी लोक म्हणत, काई नाई होत."

माय, त्या दिवसापासून माझा तुझ्यावर राग आहे. मी तो कुणाला दाखवला नाही. पण विमानात बसलो तेव्हाही तोच मनात होता, की जवळ बसता आलं असतं आणि तू बसू दिलं नाहीस. तुला माहीत होतं आणि तरी तू टाकं मध्ये ठेवलंस. वाकळ आली म्हणून तो गेला नाही. उलट, ती बघून वाढला.

वाकळ मला डोंगरावर पोहोचल्यावर संध्याकाळी मिळाली. तिथे थंडी असते, ढग खिडकीतून खोलीत येतात. बियाणेवाल्याने बॅग उघडून ती काढली. "हे तुह्या मोठ्या मायनं देल्लं. म्हणे, त्याले सांग, त्याच्या मायनं शिवेल हाय." मी दारात उभा होतो तिथेच उभा राहिलो. निळं ठिगळ मला तिथून दिसलं. तो वाकळ पुढे धरून होता आणि मी हात पुढे केला नाही.

"घे ना बे."

"खुर्चीवर ठेव," मी म्हणालो. "उद्या उन्हात घालू."

"इतक्या वर्षांनी? काय मरायचं राह्यलं त्यात आता?" तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून त्याने ती खुर्चीवर ठेवली आणि जेवणाचं काढलं. ती रात्र मी लॉजच्या ब्लँकेटमध्ये काढली. वाकळ खुर्चीवर होती आणि मी खोकत होतो.

सकाळी जंगलाच्या तोंडाशी रेंजर लोकांच्या चौकीवर सगळ्यांना बाकांवर बसवलं. गोरे पाहुणे, काठ्या, गुडघ्यापर्यंतचे बूट. साहेबाने नियम सांगितले. तोंडाला मास्क लावायचा. गोरिल्यापासून ठरलेलं अंतर ठेवायचं, तो पुढे आला तर आपण मागे सरकायचं. त्यांचं शरीर आपल्यासारखं आहे, आपली साधी सर्दीही त्यांना लागते आणि ती त्यांना सोसत नाही. शेवटी त्याने विचारलं, कोणाला सर्दी, ताप, खोकला आहे का? असेल तर आत्ता सांगा.

मोबाइलवाल्याने माझी मांडी दाबली. सकाळीच त्याने मला खडीसाखर दिली होती, "दोन घंटे दाबून ठेव खाली. धूळ हाय नुसती, मले काय समजत नाई?" त्याचं खरं होतं. छातीचा फोटो स्वच्छ होता, ताप नव्हता, आणि तोंडाला मास्क असणारच होता. मला आत जायचं होतं. इतके महिने मी त्या परवान्यावरचं माझं नाव रोज उघडून बघत होतो. मी हात वर केला.

दोघंही माझ्यावर चिडले, तेही गोऱ्यांना कळू नये म्हणून हळू आवाजात. "काऊन सांगतलं बे?" बियाणेवाला म्हणाला. "लोणारहून आम्ही आलो अन् तू इथं बाकावर बसतं?" मोबाइलवाला म्हणाला की मग आम्हीही नाही जात. मी त्यांना ढकललंच. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या बघितल्या, एकाच्या बुटाची नाडी बांधायला लावली. ती ओळ झाडीत शिरली आणि लगेच दिसेनाशी झाली, इतकी दाट झाडी आहे.

ऊन पडलं होतं. सकाळी बियाणेवाल्याने जीपमध्ये टाकलेली वाकळ मी आणली, काठीने उचलून, आणि चौकीच्या दगडी कठड्यावर पसरली. मग बाकावर येऊन बसलो. चौकीत एक रेंजर बाई राहिली होती, बंदूक भिंतीला टेकवून. तिने मास्क लावला, चहाचा कप आणला, कठड्याच्या टोकाला ठेवला आणि मागे जाऊन उभी राहिली. "घ्या, सेबो," ती म्हणाली. सेबो म्हणजे साहेब. मी उठून कप घेतला आणि पुन्हा बाकावर बसलो. ती माझ्या खोकल्याला भीत होती असं नाही. ती रोज गोरिल्यांमध्ये जाते, म्हणून जपत होती.

मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "हा धुळीचा खोकला आहे, बहुतेक."

"बहुतेक," ती म्हणाली.

"मी आत गेलो असतो तर काही झालं नसतं."

"नसतं झालं बहुतेक." तिने वाकळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग हात का वर केला?"

मी चहा प्यायलो. ती मात्र वाट बघत राहिली, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. समोर कठड्यावर ऊन होतं, हिरवं लुगडं होतं, बाबांचा सदरा होता. मला फक्त एवढंच सांगता आलं असतं की बहुतेक हा शब्द मला पुरला नाही. मी त्या जनावरांना कधी बघितलंही नव्हतं, तरी नाही पुरला. माय, तुझ्यासमोर तर दारात मी होतो. त्या बाकावर बसून मी तुझ्यावरचा राग शोधला. तो होता, पण त्याला धरायला हात कुठे घालावा हे मला सापडेना. मग तो रागच होता की नुसतं वाईट वाटणं होतं, तेही कळेना. बाईने कप परत नेला तो आधी गरम पाण्यात टाकला. मी तिला "वेबाले" म्हणालो, तिथे धन्यवाद असंच म्हणतात.

ते दोघं दुपार कलल्यावर आले, मांड्यांपर्यंत चिखल, खाजकुयलीसारख्या पाल्याने हात लाल झालेले. मला वाटलं होतं दोघं ओरडत येतील. ते नुसते चालत आले. बियाणेवाला माझ्या शेजारी बसला, पण थोडं अंतर ठेवून, आणि म्हणाला, "एक मादी होती. पिलू घेऊन बसेल. आपल्याकडच्या बाया दारात बसून पोराच्या डोक्यातलं पाह्यतात ना, तशी. आमच्याकडं एकदा पाह्यलं तिनं. मंग पाह्यलंच नाई, आम्ही कोणी नाईच जसे." त्याने बुटाची नाडी सोडली. "तू पाहिजे होता यार."

ढग खाली येत होते. ऊन गेलं आणि एकदम गार वारा सुटला. मोबाइलवाल्याला यातलं काही माहीत नाही, माय, मी त्याला टाकं, तार, काही सांगितलेलं नाही. त्याने कठड्यावरची वाकळ ओढली, दोन घड्या घातल्या आणि माझ्या अंगावर टाकली. "घे आता. स्वतः कुडकुडून राह्यला अन् वाकय भिताडाले पांघरून ठेवली."

ती गरम होती. मी घेतली. दोघं जीपमध्ये सामान टाकत होते, तेवढा वेळ मी ती डोक्यावरून ओढून बसलो. मी तुझा वास शोधत होतो. उन्हाचा वास होता, पेटीचा होता, डांबराच्या गोळ्यांचा होता. दुसऱ्या दिवशी परतीच्या रस्त्यावर खोकला गेला तो आलाच नाही.

आज ते दोघं लोणारला पोहोचल्याचा फोन आला. हे मी गोडाऊनच्या मागच्या खोलीत बसून लिहितो आहे, शब्द चुकू नये म्हणून हळू लिहितो आहे, जरी वाचायला तू नाहीस आणि असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. मोबाइलवाल्याने मला तो व्हिडिओ पाठवला आहे. त्याने लांबूनच काढला आहे, नियमाप्रमाणे, पण नंतर त्या मादीचा चेहरा मोठा करून दिला आहे, खास माझ्यासाठी. नाकाच्या सुरकुत्या दिसतात, डोळ्यांतलं पाणी दिसतं. मी तो पुष्कळ वेळा बघितला. मग तुझा एकच फोटो आहे तो काढला, कोणाच्या तरी लग्नातला, तू मागच्या रांगेत उभी आहेस. तोही मोठा करून बघितला. मोठा केला की तू जातेस, नुसते ठिपके राहतात.

इथे लोक विचारतात, तू कोणावर गेला आहेस? मी लगेच म्हणतो, मायवर. नाक तिचं, कपाळ तिचं. माय, ते मी अंदाजाने सांगतो. मी तुला टाक्याच्या अलीकडूनच पाहिलं आहे.